चहा वेगळा

मोटारीच्या सर्व्हिसिंगचं बिल हल्ली तीन पानांचं येतं. पहिल्या पानावर मी असते: नाव, पत्ता, मोबाइल, गाडी किती किलोमीटर चालली, टाकीत पेट्रोल किती होतं. दुसऱ्या पानावर गाडी असते, म्हणजे तिच्यातून जे जे काढलं आणि तिच्यात जे जे घातलं ते सगळं. तिसऱ्या पानावर 'पुन्हा भेटू या' एवढंच असतं आणि त्याखाली घाईत काढलेल्या रांगोळीच्या टिपक्यांसारखी एक सही. परवा या तीन पानांची बेरीज १८,६४० रुपये झाली. गाडीला काहीही झालेलं नव्हतं, हे इथेच सांगून ठेवते. ती नीट चालत होती, नीट थांबत होती, मीच तिला चालवत हायवेलगतच्या त्या काचेच्या इमारतीत घेऊन गेले होते आणि तिथल्या पोऱ्याने दार उघडलं तेव्हा तिने शहाण्या मुलीसारखी एकदाही कुरकुर केली नव्हती.

तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे हातात आलेला कागद वाचल्याशिवाय मला राहवत नाही, मग तो किराण्याचा पुडा असो की मोटारीचं बिल. या बिलाचं व्याकरण मोठं गमतीचं. सगळी नुसती नामं. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. एसी डिसइन्फेक्शन. व्हील बॅलन्सिंग. क्रियापद औषधालाही नाही, आणि कर्ता तर मी भिंग घेऊन शोधला तरी सापडेना. कर्तरी, कर्मणी, भावे असे तीन प्रयोग मी मुलांकडून घोकून घेतले. हा चौथाच निघाला. यात काम होतं, पैसे होतात, पण करणारा कुणीच नसतो. एका ओळीत 'कन्झ्युमेबल्स, २१० रुपये' असं होतं. टाय लावलेल्या, चोवीस-पंचवीस वर्षांच्या, जबाबदारीने गाल बसलेल्या ॲडव्हायजर मुलाला मी विचारलं, म्हणजे काय हो? तो जरा अवघडला. "फडकं, मॅडम," तो म्हणाला, "आणि थोडं ग्रीस."

फडक्याचं मला काही वाटू नये अशी वेळ खरं तर आयुष्यात येऊन गेलेली आहे. आमच्या घरी दादांचे विरलेले बनियन मोटारीच्या मेस्त्रींकडे जायचे. आई ते धुऊन, वाळवून, घड्या घालून द्यायची, जणू मेस्त्री ते नेसणार आहेत. एकदा ती दादांबरोबर कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली आणि तिथे आपल्या नवऱ्याचा बनियन कुणा परक्याच्या ॲम्बॅसडरचं तेल पुसताना तिने पाहिला. घरी आल्यावर ती बराच वेळ गप्प होती. त्या गप्प बसण्याची किंमत २१० रुपये लावली तर फार नाही.

पण मी या मुलाबद्दल सांगत होते. गाडी दिली तेव्हा त्याने हातातल्या टॅबवर एक यादी उघडली आणि एकेक ओळ वाचायला लागला. ऐकता ऐकता मला वाटायला लागलं, हा सूर आपल्या ओळखीचा आहे. इंजिनचा डिकार्ब करून घेऊ या का मॅडम, चाळीस हजार किलोमीटर झालेत. कंपल्सरी नाही, पण केलेलं बरं असतं. खालून अँटिरस्ट कोटिंग, पावसाळा तोंडावर आहे. सायलेन्सरचं कोटिंग वेगळं असतं. आणि मग मला एकदम उमगलं: हे तर आमचे गुरुजी! सत्यनारायण ठरवायला गेलं की तेही असेच डोळे अर्धे मिटून यादी सांगत. विड्याची पानं पंचवीस, सुपाऱ्या तितक्याच, हळकुंडं, खारका, बदाम. नवग्रह मांडायचे का? मांडलेच पाहिजेत असं नाही, पण घरात मुलीचं लग्न व्हायचंय, तर मांडलेले बरे. त्या 'बरं असतं'मध्ये जी मऊ भीती असते, तिच्यापुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही. मी स्वतःला बरीच बुद्धिवादी समजते. पण "ब्रेकचा विषय आहे, मॅडम" असं त्या मुलाने आवाज खाली आणून सांगितलं, तेव्हा कोरेगावच्या आत्याबाईंनी कालसर्पाच्या शांतीला मान डोलावली होती, तशीच मीही डोलावली. फरक एवढाच, की गुरुजी दक्षिणा यथाशक्ती म्हणत. इथे शक्ती कितीही असो, अठरा टक्के जीएसटी.

तो तरी आता अठरा झाला. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी मोटारीच्या कितीतरी सुट्या भागांवर अठ्ठावीस टक्के लागायचे, मजुरीवर तेव्हाही अठराच. म्हणजे मजुरी आणि लोखंड यांत सरकारच्या लेखी लोखंडच अधिक चैनीचं होतं. कर उतरला त्या आठवड्यात माझ्या भावाने मुंबईहून उत्साहाने फोन केला होता की आता तुझं बिल कमी येईल. आलंही असेल. पण गाडीच्या यादीचं आपल्या वाणसामानाच्या यादीसारखं आहे, एका ओळीत वाचलेले पैसे खालच्या ओळीत निमूट जाऊन बसतात.

गाडी आत गेली आणि मी बाहेर राहिले. मध्ये काच. फरशीवर एक पिवळी रेघ आणि तिच्या पलीकडे ग्राहकांनी जायचं नाही. सोफा मऊ होता, कॉफीचं मशीन घुरघुरत होतं, टीव्हीवर कुणीतरी न ऐकू येणाऱ्या आवाजात भांडत होतं. काचेपलीकडे माझी गाडी दोन लोखंडी हातांनी अलगद वर उचलली गेली आणि नऊ वर्षं जिच्यात बसून मी बाजारहाट केला, तिचं पोट मी पहिल्यांदा पाहिलं. चिखलाची वाळलेली नक्षी, एका कोपऱ्यात अडकलेली उसाची पात. मला उगीच संकोच वाटून मी नजर दुसरीकडे वळवली.

महाग का झालं, हे मी त्या सोफ्यावर बसून बऱ्यापैकी समजून घेतलं, कारण शेजारी बसलेले गृहस्थ दुःखी आणि बोलके होते. त्यांच्या गाडीचा बाजूचा आरसा एका म्हशीने जाता जाता पाडला होता. आरसा म्हणजे काच, अशी त्यांची समजूत. मग त्यांना कळलं की त्या आरशात इंडिकेटरचा दिवा आहे, तो मिटण्याउघडण्याची मोटर आहे आणि खाली बघणारा कॅमेराही आहे, आणि यातलं काहीच सुटं मिळत नाही, अख्खी असेंब्ली घ्यावी लागते. "म्हैस मात्र जुन्याच मॉडेलची होती," ते म्हणाले. असेंब्ली हा या धंद्यातला आजचा बीजमंत्र आहे. पूर्वी दिवा गेला की बल्ब बदलत; आता पुष्कळ गाड्यांत दिवा आणि त्याचं घर एकाच कवचात बंद असतं. पुढच्या काचेला रस्ता बघणारा कॅमेरा चिकटवलेला असेल, तर काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याला पुन्हा सरळ बघायला शिकवावं लागतं, आणि त्या शिकवणीची फी वेगळी. त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आले. धूर स्वच्छ झाला, फार चांगलं झालं, पण तो स्वच्छ आहे की नाही हे हुंगत बसणारे सेन्सर गाडीच्या आतड्यांत जागोजागी आले, आणि हुंगणाऱ्यालाही कधीतरी पडसं होतंच.

आणि बाहेरच्या मेस्त्रीकडे जावं तर त्याच्या हातात ती विद्या द्यायला कुणी राजी नाही. यावर एका ग्राहकाने तक्रार केली होती, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता: सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती तुम्ही खुल्या बाजारात पोचू देत नाही म्हणून. पुढे ते प्रकरण कोर्टकचेऱ्यांच्या घाटात शिरलं. तिथे गाड्या कशा चढतात ते वकिलाच्या मुलीला काय सांगायचं.

दादा वकील. कोल्हापुरात त्यांनी १९७९ साली जुनी पद्मिनी घेतली. ही मुळात इटलीची फियाट ११००, आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात होई आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाई. चितोडच्या राणीचं नाव, पण स्वभावाने अगदी आपल्यातली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट बाकासारखी सलग, त्यामुळे दादा, आई आणि मधे मी असे तिघं पुढे बसत असू आणि दुसऱ्या गिअरला माझा गुडघा आड येई. त्या गाडीची एक वही होती. लाल कापडी पाठीची, कोर्टाच्या कामासाठी आणलेल्यांतली एक. तीत दादांनी गाडीचा पै न् पैचा खर्च लिहिला आहे. वही अजून माझ्याकडे आहे. सगळ्या नोंदी एका चालीच्या: 'फॅन बेल्ट ३५. मेस्त्री १०. चहा वेगळा, ३.' 'पॉइंट घासले. मेस्त्री ५. चहा वेगळा, २.' दादा चहा कधीही मजुरीत मिसळत नसत. मजुरी ही मजुरी, चहा हा चहा. एक कामाचा, एक माणसाचा, अशी काहीतरी त्यांच्या मनातली कलमं असावीत.

मेस्त्रींचं दुकान उद्यमनगरात, एका लेथच्या शेडला टेकून. बाहेर गुलमोहर, आत फरशीत खणलेला खड्डा. मेस्त्री त्या खड्ड्यात उतरत आणि तिथून त्यांचा नुसता आवाज येई, जमिनीतून बोलणाऱ्या देवासारखा. इंजिन ऐकायची त्यांची रीत मी कधीच विसरणार नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ते चालू इंजिनवर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून घेत. मग दादांच्या कानालाही लावत.

"ऐका वकीलसाहेब. टॅपेट कसं बोलतंय बघा."

"मग आता काय करायचं?"

"बोलू दे की. बोलतंय तवर काळजी न्हाई. गप बसलं की मात्र लगी माझ्याकडं या."

आता काचेपलीकडचा मुलगा गाडीला एक वायर जोडतो आणि पडद्यावर कोड येतो, 'पी ०४२०' असा काहीतरी. आपण कुठे बघायचं ते तो कोड सांगतो. चुकतही नाही फारसा. पण त्याला विचारता येत नाही, की हे बोलतंय ते बोलू द्यायचं का?

इथवर आल्यावर मला स्वतःलाच थांबवावंसं वाटतं. कारण माझ्या वयाची माणसं या वळणावर हमखास म्हणतात की पूर्वी सगळं स्वस्त होतं, आणि तोंडावर एक संतुष्ट दुःख आणतात. ती वही नीट वाचली तर तसं म्हणवत नाही. पद्मिनी दर महिन्याला कुठे ना कुठे आजारी आहे. आज पॉइंट, उद्या प्लग, परवा रेडिएटर. आणि दादांनी एक खर्च वहीत कधीच लिहिला नाही: रविवार. सकाळी दहाला 'आलोच' म्हणून गेलेले दादा संध्याकाळी दिवेलागणीला काळे हात घेऊन यायचे. एकदा तर मेस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडला, त्याचे चिमुकले जेट पेट्रोलच्या ताटलीत भिजत घातले आणि त्यांना आठवलं की जोतिबाची चैत्र यात्रा आली. ते सासनकाठीबरोबर गेले. नऊ दिवस आमची गाडी बॉनेट उघडून, दाताच्या डॉक्टरपुढे बसलेल्या माणसासारखी आ वासून उभी होती. दादांनी रागवायचं ठरवलं होतं. मेस्त्रींनी आल्या आल्या हातावर गुलाल आणि नारळाचा प्रसाद ठेवला, आणि वहीत त्या दिवशी फक्त 'चहा वेगळा, ३' आहे.

आणि आंबा घाट. मे महिना, रत्नागिरीहून परत येताना साखरपा सोडलं, चढ लागला आणि दुपारी दीडला पद्मिनी दोन उचक्या देऊन थांबली. उन्हाने आणि इंजिनच्या आचेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि ती वाट अडवून बसते, एवढं शास्त्र आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. उपायही ठरलेला: पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि वाट बघायची. दादांनी फिरकीच्या तांब्याकडे हात नेला. "प्यायचं पाणी आहे ते," आई म्हणाली. "तीही तहानलीय," दादा म्हणाले. निम्मा तांब्या पंपावर गेला. आम्ही आंब्याच्या पेटीवर बसून राहिलो. एक म्हातारा फणस घेऊन चालला होता, त्याने तो आम्हाला विकला आणि मग तोही आमच्याबरोबर वाट बघत बसला, फणस कापायला मदत लागेल म्हणून. बोटांना चीक, त्यावर गाडीतलं ग्रीस, कारण तेल कुणाजवळच नव्हतं. तासाभराने दादांनी किल्ली फिरवली आणि गाडी अशी काही सुरू झाली, जसं मधे काही झालंच नव्हतं. म्हाताऱ्याने गाडीला नमस्कार केला. वहीत त्या तारखेला आहे: 'आंबा घाट. पंप गरम. खर्च नाही. फणस ४.'

माझ्या आत्ताच्या गाडीची नऊ वर्षांची अशी एक ओळही मला लिहिता यायची नाही. ती याच घाटातून मला किती वेळा घेऊन गेली, एसी लावून, गाणी लावून, आणि एकदाही थांबली नाही. सोफ्यावर बसल्या बसल्या मला वाटलं, मी ज्याचे १८,६४० रुपये भरते आहे, ती वस्तू ही असावी: काहीही न घडणं. यादीतली ओळ न् ओळ त्याचाच हप्ता आहे. घाटात न थांबणं, रात्री अकराला एकटीने घरी येताना न थांबणं. आता मी साठीला टेकलेय, गुडघ्याचं टॅपेट बोलायला लागलंय. मला ही वस्तू हवीच आहे आणि तिचे पैसे मी मुकाट्याने देते. फक्त ती घरी आणल्यावर कुणाला दाखवता येत नाही. फणसासारखी कापून वाटता येत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी निघाली, तेव्हा पेपरात तिचा फोटो आला होता. मी तो कापून वहीत ठेवला. दादा तोवर नव्हते, मेस्त्रीही नव्हते. उद्यमनगरातल्या त्या शेडच्या जागी आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात.

साडेचारला गाडी झाली. धुतलेली, चकचकीत, आत लिंबाचा खोटा वास. मुलाने किल्ली दिली, बिलाची तीन पानं दिली आणि तो तिथेच घुटमळला.

"मॅडम, दोन दिवसांत कंपनीचा फोन येईल. रेटिंग विचारतील. दहापैकी दहा द्याल का?"

"नऊ दिले तर?"

"नऊ म्हणजे नापासच असतं, मॅडम. आमचा इन्सेंटिव्ह कापतात."

तीस वर्षं मी कुणाला मराठीत दहापैकी दहा दिले नव्हते. पहिल्या नंबरच्या मुलींनासुद्धा साडेआठ. मी त्या मुलाकडे नीट पाहिलं. टायची गाठ कुणीतरी एकदा बांधून दिलेली आणि त्याने ती कधीच न सोडता नुसती डोक्यातून काढत-घालत ठेवलेली असावी, अशी घट्ट झाली होती. मी म्हटलं, ड्यूटी संपली का? पाच मिनिटं आहेत, तो म्हणाला. फाटकाबाहेर सर्व्हिस रोडला चहाची टपरी होती. आत मशीनची कॉफी फुकट होती, पण आम्ही दोघं बाहेर आलो.

गाव गडहिंग्लजकडचं. आयटीआय झालेला, मोटार मेकॅनिकचा ट्रेड, हाताने काम करायची फार हौस; पण बोलणं बरं म्हणून याला टाय लावून काउंटरला बसवलं. "आत जायला मलापण परवानगी लागते," तो म्हणाला. म्हणजे पिवळ्या रेघेच्या अलीकडे आम्ही दोघंही होतो. टपरीपाशी त्याची मोटरसायकल उभी होती, जुनी स्प्लेंडर. हिचं सर्व्हिसिंग कुठे करतोस, असं मी विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं, मला कळलं नाही. तो हसला आणि रस्त्यापलीकडच्या बाभळीकडे बोट दाखवलं. तिथे एक मेस्त्री गोणपाटावर बसून कुणाची तरी चेन कसत होते.

चहाचा ग्लास खाली ठेवताना त्याने मागे काचेच्या इमारतीकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. सकाळी ब्रेकचा विषय काढताना आणला होता तितकाच.

"काकू, ते डिकार्ब दरवेळी नका करत जाऊ. तुमच्या गाडीला गरज नाही."

फोन दोन दिवसांनी खरंच आला. मी दहा दिले. रात्री लाल पाठीची वही काढली. शेवटची नोंद दादांच्या हातची, त्यानंतर बरीच पानं कोरी. पेनाला शाई उतरायला वेळ लागला. 'सर्व्हिसिंग १८,६४०' असं लिहिलं. त्याखाली मेस्त्रीचा रकाना आला. तो तसाच सोडला आणि पुढे लिहिलं, 'चहा वेगळा, २०.'